सायकलची रिम १९ मिमीची असेल, तर टायर किती रुंद बसवावा?

गिरणाकाठ (धागाकर्ता), चाळीसगाव

नमस्कार. माझ्याकडे साधी हायब्रीड सायकल आहे. तिला सुरुवातीपासून ७००×३५चे (म्हणजे ३५ मिमी रुंदीचे) टायर होते आणि आता ते इतके झिजले आहेत की मागच्या टायरचे कापड दिसू लागले आहे. घरापासून शेत अकरा किलोमीटरवर आहे. त्यातले सात किलोमीटर डांबरी आहेत आणि उरलेले चार पाटचारीच्या कडेने आहेत, जिथे उन्हाळ्यात घोट्याएवढा फुफाटा असतो आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. म्हणून नवे टायर थोडे रुंद घ्यावेत असे मनात आहे.

दोन दुकानांत विचारले. पहिल्या ठिकाणी सांगितले की रिम अरुंद आहे, ३८च्या पुढे जाऊ नका. दुसऱ्या ठिकाणी ४७चा टायर काउंटरवर काढून ठेवला आणि हा सर्रास बसतो म्हणून सांगितले. दोघेही वर्षानुवर्षे हेच काम करत आले आहेत, त्यामुळे कोणाला चूक ठरवावे हे मला कळत नाही. रिमवर वॉल्व्हच्या शेजारी ६२२×१९ असा छाप आहे. या १९चा आणि टायरच्या रुंदीचा नेमका संबंध काय, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

तापीतीर

ते १९ तुम्ही मोजले आहे, की नुसते वाचले आहे?

गिरणाकाठ

नुसते वाचले आहे. बाहेरून फूटपट्टी लावली तर २४ भरते, म्हणून तर गोंधळ झाला.

पांझराकाठी, धुळे

गिरणाकाठभाऊ, तुमचा छापही बरोबर आहे आणि फूटपट्टीही बरोबर आहे. रिमवर छापलेली रुंदी आतली असते, म्हणजे टायरच्या कडेतली तार ज्या दोन भिंतींच्या आत बसते, त्या भिंतींमधले अंतर. बाहेरून मोजले की त्यात दोन्ही भिंतींची जाडी मिळते आणि आकडा पाच-सहा मिमीने वाढतो. टायर निवडताना बाहेरच्या मापाचा काहीही उपयोग नाही. टायर आणि ट्यूब काढून, व्हर्नियर कॅलिपरची वरची बारकी टोके भिंतींच्या आत उघडून मोजावे आणि चाकावर तीन-चार ठिकाणी मोजावे, कारण खड्ड्यात आपटलेली रिम एखाद्या जागी दबलेली किंवा फाकलेली असते.

टायरवरही असाच जोडआकडा असतो, उदाहरणार्थ ३७-६२२. ही आयएसओ ५७७५ या मानकाची पद्धत आहे. पहिला आकडा फुगलेल्या टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा, म्हणजे ६२२, रिमवर ज्या बैठकीवर टायरची तार टेकते तिचा व्यास असतो. टायरचा ६२२ आणि रिमचा ६२२ तंतोतंत जुळलाच पाहिजे, तिथे एका मिलिमीटरचीही तडजोड नाही. रुंदीच्या आकड्यांत मात्र पल्ला असतो आणि तुमचे दोन दुकानदार त्या पल्ल्याच्या दोन टोकांवरून बोलत आहेत.

अमेरिकेतले सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) यांनी एक सोपा ठोकताळा दिला आहे: टायरची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीच्या १.४५ पट ते २ पट असावी. तुमच्या १९ला १.४५ने गुणले की साधारण २८ येतात आणि २ने गुणले की ३८. पहिल्या दुकानदाराचा ३८ तिथून आला आहे, मग त्याला तो हिशोबाने माहीत असो की हाताच्या अनुभवाने. टायर बनवणाऱ्या कंपन्यांचे तक्ते याहून बरेच सैल असतात. त्यांत १९ मिमीच्या रिमवर ५० मिमीचा टायरही चालतो, असे दिलेले आढळेल. दुसऱ्या दुकानदाराचा ४७ त्यात बसतो. फरक एवढाच की तक्ता ‘टायर रिमवरून निघणार नाही’ एवढेच सांगतो, तर ठोकताळा ‘सायकल नीट चालेल’ असे सांगतो.

केळीबाग, रावेर

नीट चालणे म्हणजे काय, हे मी अनुभवाने सांगू शकतो. माझ्या जुन्या सायकलची रिम आतून १७ मिमीची होती आणि मी तिच्यावर ५० मिमीच्या आसपासचा टायर चढवला होता. हवा भरल्यावर टायर आणि रिम यांचा जो आकार झाला, तो पाहून वडील म्हणाले, हे तर भरिताचे वांगे झाले. आमच्याकडच्या लोकांना बामणोदचे वांगे डोळ्यांसमोर आणायला सांगायची गरज नाही: देठाकडे निमुळते आणि खाली गोल, फुगलेले. टायरही तसाच रिमपाशी आवळलेला आणि बाहेर फुगलेला दिसत होता.

सरळ रस्त्यावर काहीच जाणवले नाही, उलट बसायला मऊ वाटले. केळीच्या बागेतून पाटचारीवर चढताना एक काटकोनी वळण आहे. तिथे झुकलो की मागचे चाक आपण सांगतो त्या दिशेला जाते आहे, पण पाऊण सेकंद उशिराने, असे वाटायचे. रिम एकीकडे ओढली जाते आणि वरचा टायर तिच्या मागून लोळत येतो. हवा कमी केली तर लोळणे वाढायचे, हवा वाढवली तर मऊपणा जायचा आणि ज्यासाठी रुंद टायर घेतला तेच नाहीसे व्हायचे. चार महिन्यांनी तो काढून ३५चा बसवला.

शिरपूरची ताई

याच्या उलट झाले तर, म्हणजे रिम रुंद आणि टायर अरुंद असेल तर काय होते?

पांझराकाठी

ताई, मग टायरच्या बाजू उभ्या राहण्याऐवजी बाहेर पसरतात आणि माथा चपटा होतो. टायरचा गोलवा गेल्यामुळे वळताना सायकल कडेवर अचानक जाते. शिवाय बाजूची पातळ भिंत दगडाधोंड्यांच्या थेट समोर येते आणि खड्ड्यात रिमची कडा जमिनीला लागायला फारसे अंतर उरत नाही. आपल्या रस्त्यांवर हे टोक पहिल्या टोकापेक्षाही वाईट आहे, कारण वांग्याच्या आकाराचा टायर लोळला तरी रिम वाचते.

सातमाळा, धुळे

माझा थोडा वेगळा सूर आहे. मी लांब पल्ल्याची सायकल चालवते, २०० किलोमीटरची ब्रेव्हे (वेळेची मर्यादा असलेली लांबची सफर) साडेतेरा तासांत पूर्ण करावी लागते, आणि १९ मिमीच्याच रिमवर माझे टायर ३२चे आहेत. रुंद टायर म्हणजे आराम, हे वाक्य हल्ली सगळीकडे ऐकू येते, पण आराम रुंदीतून येत नाही, तो कमी हवेतून येतो. रुंदीमुळे हवा कमी ठेवता येते, एवढेच तिचे काम. मी अनेकांना पाहिले आहे की ३५वरून ४२वर जातात आणि पंपाचा काटा पूर्वीच्याच आकड्यावर नेतात. मग म्हणतात, टायर दगडासारखा लागतो. तो लागणारच.

गिरणाकाठदादा, तुमचा सात किलोमीटरचा डांबरी रस्ता विसरू नका. रोज येऊन-जाऊन चौदा किलोमीटर डांबर आणि आठ किलोमीटर कच्चा, म्हणजे दोन तृतीयांशाच्या जवळ डांबरच आहे. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यासाठी ४७चा जड टायर ओढू नये, असे मला मनापासून वाटते.

भुसावळ फिटर

सातमाळाताईंचा हवेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो केवळ आरामाचा नाही, रिमच्या जिवाचा आहे. मी आयुष्यभर नळ्या आणि टाक्यांवर काम केले. दाब तोच ठेवून नळीचा व्यास वाढवला, तर नळीच्या पत्र्यावर येणारा ताण व्यासाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून मोठ्या टाकीचा पत्रा जाड घ्यावा लागतो. टायर ही गोल वळवलेली नळीच आहे. तिच्या कापडाचा सगळा ताण शेवटी दोन्ही कडांच्या तारांवर आणि तारांकडून रिमच्या दोन भिंतींवर येतो आणि त्यांना बाहेर फाकवू पाहतो.

हिशोब अगदी सोपा आहे. रुंदीला दाबाने गुणा. ३५च्या टायरमध्ये ७० पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) असेल तर गुणाकार २४५० येतो. तेच ७० पीएसआय ४७च्या टायरमध्ये भरले तर ३२९० होतो, म्हणजे भिंतींवरचा भार एक तृतीयांशाहून जास्त वाढला. भार पूर्वीइतकाच ठेवायचा असेल, तर ४७मध्ये ५२ पीएसआयच्या पुढे जाता कामा नये. अरुंद, हलक्या रिमवर रुंद टायर बसवून हवा पूर्वीइतकीच भरत राहणाऱ्यांच्या रिमच्या भिंती एक दिवस तडकतात आणि दोष टायरला दिला जातो.

टायरच्या बाजूला छापलेला जास्तीत जास्त दाब हा टायरपुरता असतो. रिमचा स्वतःचा दाबही असतो आणि दोहोंत जो कमी, तो पाळायचा.

तापीतीर

मग मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा टायर फुटतात, ते या दाबानेच ना?

भुसावळ फिटर

दाब वाढतो, पण लोक समजतात तितका नाही. सकाळी ३० अंशांना ६० पीएसआय हवा भरली आणि दुपारच्या तापलेल्या डांबरावर टायरच्या आतली हवा ५५ अंशांवर गेली असे धरा. बाहेरच्या हवेचा दाबही जमेस धरून हिशोब केला, तर काट्यावर साधारण ६६ दिसेल. सहा पीएसआयने धड टायर फुटत नाही. बसवतानाच ट्यूब टायरच्या तारेखाली चिमटलेली असेल, किंवा तार एका जागी नीट बसलेली नसेल, तर मात्र तेवढे निमित्त पुरते. दुपारी सावलीत उभी केलेली सायकलसुद्धा ‘धाड’ करून फुटते, ती बहुतेक या चिमट्यामुळे.

सातमाळा

घाट उतरताना मात्र वेगळे आहे. ज्यांचे ब्रेक रिमवर लागतात, त्यांनी कन्नड घाट किंवा तोरणमाळ उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला, तर ब्रेकच्या रबराने रिमच तापते आणि ती उष्णता थेट ट्यूबला लागते. मी तोरणमाळहून उतरताना मध्ये थांबून रिमला बोट लावले होते, ते झटकन मागे घ्यावे लागले. ब्रेक थोडा दाबून, सोडून, पुन्हा दाबत उतरावे.

पाचोऱ्याचे दुकान

ताईंनी रिमच्या ब्रेकचा विषय काढला, म्हणून माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. दुकानात आम्ही रिमला रिंग म्हणतो. आमच्या भागात धूळ इतकी असते की ब्रेक रबरात वाळूचे कण रुतून बसतात आणि रबर कानशीसारखे रिंगची भिंत घासत राहते. बाहेरून रिंग चकचकीत दिसते, गिऱ्हाईक खूश असते. पण भिंतीवर स्टीलची फूटपट्टी उभी धरली तर मध्ये उजेड दिसतो, म्हणजे भिंत मधोमध खोलगट झालेली असते. अशा पातळ झालेल्या रिंगवर फिटरभाऊंनी सांगितलेला रुंदी आणि दाबाचा तो गुणाकार वाढवणे म्हणजे जाणूनबुजून संकट ओढवून घेणे. माझ्याकडे कोणी रुंद टायर मागायला आला, की आधी मी फूटपट्टी लावून पाहतो आणि मगच टायर दाखवतो. काही रिंगांना कारखान्यातूनच एक बारीक खाच किंवा खड्डा दिलेला असतो. तो झिजून दिसेनासा झाला, की रिंग बदलायची वेळ झाली, असे समजावे.

दुसरे, टायरबरोबर ट्यूब बदला. ट्यूबवर २८–३५ किंवा ३५–४३ असा पल्ला लिहिलेला असतो. अरुंद ट्यूब रुंद टायरमध्ये फुगते खरी, पण ताणून पातळ होते आणि मग बारीक काटाही तिला पुरतो. आणि ट्यूबच्या आतल्या अंगाला, म्हणजे चाकाच्या स्पोकच्या बाजूला, पंक्चर निघाले तर रस्त्यावर काटा शोधत बसू नका. रिंगच्या आतली पट्टी सरकलेली असते आणि ट्यूब स्पोकच्या निपलच्या भोकात शिरून कापलेली असते. पट्टी रिंगच्या तळाइतकी रुंद हवी. १९च्या रिंगमध्ये १४ची पट्टी टाकली, तर ती कधीतरी सरकणारच.

आप्पा, अमळनेर

सर्वांचे लेखन वाचून आनंद झाला. मी निवृत्त शिक्षक आहे आणि माझी पहिली सायकल वडिलांकडून आलेली, सळीच्या ब्रेकची होती. तिच्या टायरवर २८×१½ असे लिहिलेले असे. त्या सायकलच्या रिमला वेस्टवूड पद्धतीची रिम म्हणतात. ती रुंद, पोलादी आणि कडेला गोलसर असते, कारण तिचे ब्रेक बाजूने लागत नाहीत, आतल्या अंगाने, चाकाच्या मध्याच्या बाजूने वर ओढले जातात. दूधवाले त्याच चाकांवर मागे दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन लावून खेड्यांतून शहरात येत आणि तेव्हा कोणी रुंदीची चर्चा केल्याचे आठवत नाही, कारण रिम आणि टायर एकाच मापाचे, एकमेकांसाठीच बनत होते. निवड आली, म्हणून हा प्रश्न आला.

पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी मुलाने मला गिअरची हायब्रीड सायकल घेऊन दिली. मागचा टायर गेला, तेव्हा मी एका दुकानात जाऊन ‘अठ्ठावीस इंची, दीड’ मागितला, कारण आयुष्यभर तेच मागत आलो होतो. दुकानदारानेही तोच दिला. बसवताना तो हाताने, पान्हा किंवा पट्टी न लावता सहज चढला, तेव्हा मला बरेच वाटले. पारोळ्याच्या रस्त्याला चार किलोमीटर गेलो आणि टायरची एक बाजू रिमवरून उतरली, ट्यूब लिंबाएवढी फुगून बाहेर आली आणि फुटली. मी रस्त्याच्या कडेला पडलो. मनगटाला महिनाभर पट्टी होती.

नंतर दोन्ही आकडे पाहिले. टायरवर ४०-६३५ होते आणि रिमवर ६२२. रुंदी जुळत होती, व्यास तेरा मिलिमीटरने मोठा होता.

पांझराकाठी

आप्पा, काळजी घ्या. व्यासात १३ मिमी म्हणजे परिघात जवळजवळ ४१ मिमी. तेवढी सैल तार रिमवर टिकणे शक्यच नव्हते. सर्वांनी हे ध्यानात ठेवावे की टायर कमालीचा सहज चढला, तर आनंद न मानता आधी आकडे वाचावेत. योग्य मापाचा तारेचा टायर शेवटच्या वितीला हाताला थोडा त्रास देतोच.

शिरपूरची ताई

आप्पांचे वाचून धडधडले, कारण आमच्याकडे हेच घडता घडता राहिले. मुलीच्या शाळेच्या सायकलचा टायर २६×१⅜ आहे. धाकट्याच्या डोंगरी सायकलचा २६×१.९५. मी समजत होते की दोन्ही सव्वीस इंची, फक्त रुंदी वेगळी, तेव्हा तिच्या रिमवर त्याचा जुना, जाड टायर चढवून पाहावा, काटे कमी लागतील. अर्धा तास झटापट केली, नखे तुटली, टायर काही चढला नाही. तो चढला नाही हे किती बरे झाले, ते आज कळले.

पांझराकाठी

ताई, २६×१⅜ म्हणजे ३७-५९० आणि डोंगरी सायकलचा २६ म्हणजे ५५९. तुमचा टायर रिमपेक्षा ३१ मिमीने लहान होता. एक सवय लावून घ्यावी: सायकलच्या टायरवर अपूर्णांक आणि दशांश एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गणितात १¾ आणि १.७५ एकच, पण २६×१.७५चा व्यास ५५९ असतो आणि २६×१¾चा ५७१. म्हणून इंच वाचायचेच नाहीत, तीन आकडी व्यास वाचायचा.

केळीबाग

ताईंनी काट्यांचे नाव काढले आहे, तर तेही सांगतो. आमच्या बांधावर वेडी बाभूळ माजली आहे आणि तिचा काटा बोटभर लांब, सुईसारखा असतो. ३५चा टायर असो की ५०चा, रबराची जाडी मध्यभागी तेवढीच असते, त्यामुळे रुंदीने काटा अडत नाही. उलट रुंद टायर रस्त्याची जास्त जागा व्यापतो. काट्यासाठी आत जाड पट्टा असलेला टायर घ्यावा, ट्यूबमध्ये सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) भरावे आणि बांधावरून जाताना जुनी चाकोरी सोडू नये. रुंदी घ्यायची ती फुफाट्यासाठी घ्यावी, कारण फुफाट्यात अरुंद टायर नांगरासारखा रुततो.

सातमाळा

काट्यांच्या बाबतीत पूर्ण सहमत.

पाचोऱ्याचे दुकान

गिरणाकाठभाऊ, इतकी चर्चा झाली, पण रिंगवर टायर बसला म्हणजे सायकलमध्ये चाक फिरले, असे नाही. पुढचा चिमटा आणि मागचा चिमटा, म्हणजे चाक ज्यात बसते तो सांगाड्याचा फाटा, आतून किती रुंद आहे, ते मोजा. मागच्या बाजूला, पायडलच्या आसापाशी जागा सर्वांत कमी असते. टायरच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी चार मिमी तरी मोकळे हवेत. आपल्याकडे सहा असलेले चांगले, कारण काळी माती ओली झाली की टायरला थराथराने चिकटते आणि चिमट्यात अडकून चाक जागच्या जागी थांबते. मडगार्ड असेल तर तेही याच हिशोबात धरा. शिवाय ब्रेक उघडून चाक हवेसकट बाहेर निघते का, ते पाहा, नाहीतर प्रत्येक पंक्चरला आधी हवा सोडावी लागेल.

पांझराकाठी

आणि छापील रुंदीवर हिशोब करू नका. तोच टायर रुंद रिमवर जास्त रुंद भरतो. साधारण मान असे की रिम आतून एक मिमीने वाढली, की टायर ०.४ मिमीने वाढतो. म्हणजे ४०चा म्हणून घेतलेला टायर १७च्या रिमवर आणि २५च्या रिमवर मोजला, तर तीन मिमीपेक्षा थोडा जास्त फरक पडेल. हल्लीच्या बऱ्याच सायकलींच्या रिम रुंद होत चालल्या आहेत. त्यामुळे कोणी म्हणाला की माझ्या सायकलला ४०चा बसला, तर त्याची रिम विचारल्याशिवाय ते उदाहरण आपल्याला लागू करू नये.

तापीतीर

ट्यूबलेस, म्हणजे ट्यूब न घालता टायर बसवण्याची पद्धत, केले तर हा सगळा प्रश्न सुटतो का?

भुसावळ फिटर

सुटत नाही, उलट कडक होतो. ट्यूबलेसमध्ये हवा धरून ठेवण्याचे काम टायरच्या कडेचे आणि रिमच्या बैठकीचे असते, त्यामुळे रिम त्यासाठीच बनवलेली हवी. अरुंद रिमवर फुगलेला टायर वळणावर लोळला, की कडा क्षणभर उचलली जाते आणि हवा ‘फुस्स’ करून निघून जाते. ज्या नव्या रिमच्या भिंतींना आतून टायरची कडा अडकवणारा हूक नसतो, सरळ भिंत असते, त्यांना तर मानकानेच ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयची मर्यादा घातली आहे आणि त्यांच्यावर कोणते टायर चालतात, हे कंपनीच्या यादीत पाहूनच बसवावे लागते. साध्या १९च्या रिमवर ट्यूबच बरी.

गिरणाकाठ

सर्वांचे आभार. रविवारी निम्मा दिवस यातच गेला, तो सविस्तर लिहितो.

शेजारच्या वर्कशॉपमधून व्हर्नियर आणला. मागची रिम आतून चार ठिकाणी मोजली: तीन जागी १९ आणि वॉल्व्हच्या समोरच्या जागी १८. त्या जागेवर दोन वर्षांपूर्वी खड्डा लागला होता, ते मला आठवते, पण रिम दबली होती हे आज कळले. भिंतीला फूटपट्टी लावली, उजेड दिसला नाही. पुढचा चिमटा आतून ५४ मिमी, मागचा पायडलच्या आसाजवळ ४९. ४७चा टायर घेतला असता, तर मागे दोन्ही बाजूंना एक-एक मिमी उरला असता आणि पहिल्याच पावसात मी सायकल खांद्यावर घेऊन घरी आलो असतो.

म्हणून पुढच्या आणि मागच्या, दोन्ही चाकांना ४०-६२२ घेतला. ठोकताळ्याच्या ३८पेक्षा तो दोन मिमीने जास्त आहे, हे मला ठाऊक आहे. पण ३८चा काटेरोधक पट्टा असलेला टायर इथे मिळेना आणि पांझराकाठीभाऊंच्या म्हणण्याप्रमाणे तो कंपन्यांच्या तक्त्यांच्या पल्ल्याच्या आतच आहे. बसवल्यावर मोजला तर ३९ भरला. मागे दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमी मोकळे आहेत. ट्यूब ३५–४३ची घेतली आणि रिमपट्टी १८ची.

हवेचा गुणाकार केला. पूर्वी मी ३५मध्ये ७० भरत होतो, तेव्हा ४०ला ६१ ही कमाल झाली. माझे वजन ७८ किलो आहे. पहिल्या दिवशी मागे ५५ आणि पुढे ५० ठेवले, डांबरावर छान, फुफाट्यात तितके नाही. दुसऱ्या दिवशी मागे ४८ आणि पुढे ४२ केले, तेव्हा पाटचारीवर चाक रुतण्याऐवजी वरून चालू लागले. वळणावर लोळल्यासारखे अजून तरी वाटलेले नाही.

एकच शंका उरली आहे. टायरच्या बाजूला, रिमच्या कडेला लागून एक बारीक उंचवट्याची रेघ आहे. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसते, पण वॉल्व्हपाशी दोन बोटे लांबीत आत गेलेली आहे. चाक फिरवले की त्या जागी टायर किंचित उसळतो. चाकाचा आउट आहे का, म्हणजे चाक वाकडे झाले आहे का?

पाचोऱ्याचे दुकान

आउट नाही, टायर तिथे बसलेला नाही. वॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब जाड असते, ती टायरच्या तारेखाली सापडली आहे. तसेच चालवू नका, फिटरभाऊंनी सांगितलेला ट्यूबचा चिमटा तो हाच. सगळी हवा सोडा, वॉल्व्ह अंगठ्याने आत, टायरच्या पोटात ढकला, म्हणजे ट्यूब तारेखालून निघेल. मग टायर दोन्ही हातांनी बाजूला सारून सगळीकडे ट्यूब डोकावत नाही ना, ते पाहा. कडांना साबणाचे पाणी लावा, थोडी हवा भरा, चाक फिरवून ती रेघ पाहा, सगळीकडे सारखी दिसली की मगच पूर्ण हवा भरा.

गिरणाकाठ

केले. वॉल्व्ह आत ढकलला तेव्हा ट्यूब सुटल्याचा आवाज आला. आता रेघ सगळीकडे सारखी आहे आणि उसळी गेली. ट्यूबवर चिमट्याचा पांढरट वळ उमटला आहे, भोक नाही.

भुसावळ फिटर

त्या वळावर लक्ष ठेवा. आठवड्याने एकदा ट्यूब काढून पाण्यात धरून पाहा.